हिर्शनफेल्सच्या सरदाराची दाढ

बहरीनच्या सीफ भागातल्या एका मॉलने हिवाळ्याच्या सुट्टीत जर्मनीतलं एक आख्खं गाव आणून बसवायचं ठरवलं, तेव्हा त्या गावाला आपल्यामुळे एवढा घोर लागेल असं इक्बाल मुकादमच्या स्वप्नातही आलं नव्हतं. इक्बाल एका इव्हेंट कंपनीत स्टोअरकीपर होता. खेड तालुक्यातल्या खाडीकाठच्या गावातून तरुणपणी बहरीनला आला आणि इथलाच होऊन गेला. कंपनीच्या गोदामात लग्नांच्या कमानी, नॅशनल डेचे झेंडे आणि थर्माकोलचे उंट त्याच्या ताब्यात असत. माणूस गरीब स्वभावाचा. समोरच्याने आवाज चढवला की हा आपला उतरवायचा. सनाबिसच्या फ्लॅटमध्ये बायको मसूदा आणि नववीतली मुलगी उमैमा यांच्याबरोबर त्याचं बरं चाललं होतं. फक्त त्या हिवाळ्यात त्याची एक दाढ दुखत होती.

ही दाढ डावीकडची, खालची. चिपळूणच्या एका डॉक्टरने फार पूर्वी तिच्यात चांदी भरली होती, आणि आता ती चांदीसकट हलायला लागली होती. मसूदा म्हणत होती, काढून टाका. इक्बाल म्हणत होता, इंशाल्ला, एक्झिबिशन संपलं की.

गाव आलं ते कंटेनरमधून. हिर्शनफेल्स त्याचं नाव. खरं गाव जर्मनीत एका टेकडीच्या कुशीत आहे; वर किल्ला, खाली नदी, आणि मध्ये वाकड्यातिकड्या गल्ल्या. मॉलमध्ये टेकडी मावेना म्हणून किल्ला कारंज्यावर बसवला आणि नदीच्या जागी निळा गालिचा अंथरला. काळ्या तुळयांची आणि पांढऱ्या भिंतींची प्लायवूडची घरं परफ्यूमच्या दुकानापासून थेट सरकत्या जिन्यापर्यंत गेली. किल्ल्याचा बुरूज दुसऱ्या मजल्यावरच्या बर्गरच्या दुकानाला टेकला.

गावासोबत डॉक्टर विंकलमान आले. हे किल्ल्यातल्या संग्रहालयाचे रखवालदारही आणि इतिहासकारही. उंच, वाळलेले, आणि बहरीनमध्येसुद्धा लोकरीचा कोट न उतरवणारे. विमानात त्यांनी एक काचेची पेटी मांडीवर धरून आणली होती. पेटीत लाल मखमलीवर एक दाढ होती.

ज्योत्स्ना खोब्रागडे या कामाची प्रमुख. नागपूरकडची, तडफदार, आणि चुकीबद्दल रागावण्याऐवजी ताबडतोब पुढचा उपाय सांगणारी. तिने इक्बालला बोलावून सांगितलं की डॉक्टरसाहेब इंग्रजीतून माहिती देतील, तुम्ही त्यांच्याकडून ऐकून घ्या आणि येणाऱ्या फॅमिल्यांना हिंदीत आणि जमेल तशी अरबीत सांगा. इक्बालला लोकांसमोर बोलायची सवय नव्हती. पण गाव त्याला आवडून गेलं. दोन दिवसांत तो डोक्यावर पिसाची टोपी घालून असा काही बोलायला लागला की जणू त्याचं आजोळच तिकडे होतं.

तो सांगायचा, हा पाहा किल्ला. याच्या खिडक्या बाहेरून मोजल्या तर एक जास्त भरते, आतून मोजल्या तर ती सापडत नाही. राजा आणि राणी भांडले तेव्हा राणी त्या खोलीत जाऊन बसली आणि कुणाला दार सापडलं नाही. हा वाकडा बुरूज, कारण गवंड्यांना मजुरी बिअरमध्ये मिळायची. या बुरुजात कमी वजनाचे पाव विकणाऱ्या पाववाल्यांना कोंडत. ही अरुंद गल्ली; नगरसेवकाने निवडून आल्यावर वर्षातून एकदा हिच्यातून चालत जायचं, आणि अडकला तर खुर्ची सोडायची. बायका या गल्लीपाशी फार हसायच्या आणि नवऱ्यांना आत ढकलायच्या.

मग तो लोकांना काचेच्या पेटीपाशी आणायचा आणि आवाज खाली घ्यायचा. चारशे वर्षांपूर्वी सरदार बाल्थाझार फॉन मूर्कने हिर्शनफेल्सला वेढा घातला. हिवाळा होता. गावात खायला काही उरलं नाही; लोक बूट उकळून त्याचं पाणी पीत होते. अशात सरदाराची दाढ दुखायला लागली. इतकी की तो रात्रंदिवस तंबूत ओरडायचा आणि ते तटावर ऐकू यायचं. शेवटी गावाने आपल्या न्हाव्याला टोपलीत बसवून तटावरून खाली सोडलं, कारण तेव्हा दात काढायचं काम न्हावीच करत. न्हाव्याने दाढ काढली, पण दुखरी सोडून शेजारची चांगली काढली. सरदार रडकुंडीला आला. म्हणाला, मला आता घरी जायचंय, ही दाढ बरी झाली की परत येतो. आणि सैन्य घेऊन निघून गेला. न्हाव्याने आणलेली ती चांगली दाढ म्हणजे ही.

लोक वाकून बघायचे. दाढ खरोखर निरोगी होती. इक्बालला ती बघून स्वतःच्या गालाला हात लावावासा वाटायचा.

एका शुक्रवारी मॉल उघडण्याआधी काचेवर लहान मुलांच्या बोटांचे डाग पडले होते म्हणून ज्योत्स्नाने आपल्याकडची जादा किल्ली देऊन पेटी आतून-बाहेरून पुसायला सांगितली. डॉक्टर विंकलमान अजून हॉटेलवर होते. इक्बालने हातमोजे घातले, दाढ अलगद उचलली आणि टिश्यू पेपरवर ठेवली. तो टिश्यू पेपर एका बशीत होता. त्याच बशीत कॅफेवाल्याने चहाबरोबर दिलेले खारे काजू होते. काच पुसता पुसता त्याने मोजे काढले, चहा घेतला, आणि बशीकडे न बघता काजू तोंडात टाकत गेला.

कड्‌कन आवाज आला. डोळ्यांसमोर काजवे चमकले. इक्बालने घाईघाईने चहाचा घोट घेऊन तोंडातलं गिळलं, आणि मग जे गिळलं गेलं नाही ते हातावर थुंकलं. हातावर दाढ होती.

क्षणभर त्याला कळेना की ही कोणाची. मग जीभ डावीकडे गेली आणि तिथे मोकळी जागा लागली. हातातल्या दाढेत चांदी चमकत होती. बशीत एक काजू उरला होता. सरदाराची दाढ कुठेच नव्हती.

तेवढ्यात ज्योत्स्ना आली. तिच्या मागे, निळ्या गालिच्याच्या टोकाला, मॉलचे मोठे साहेब आणि दूतावासातले पाहुणे येताना दिसत होते. इक्बालने गालावर रुमाल धरून झालेला प्रकार सांगितला. ज्योत्स्नाने रिकाम्या मखमलीकडे पाहिलं, त्याच्या तळहाताकडे पाहिलं.

“धुवून घ्या,” ती म्हणाली.

“मॅडम, ही माझी हाय.”

“इक्बालभाई, दाढेच्या जागी दाढ पाहिजे. संध्याकाळी डॉक्टरसाहेबांना खरं सांगून टाकू. आता काय विचार करून राहिले तुम्ही? यल्ला, चला.”

इक्बालने दाढ बाटलीच्या पाण्याने धुतली आणि मखमलीवर ठेवली. चांदीची बाजू खाली गेली. पाहुणे आले, वाकले, कौतुक करून गेले. इक्बालने तोंडात कापूस धरून सगळी माहिती सांगितली. वेढ्याचा भाग आला तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दूतावासातल्या एका बाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

दुपारी तो दवाखान्यात जाऊन आला. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, गिळलेली वस्तू आपल्या वाटेने निघून जाईल. मसूदाने त्याला खूप केळी खायला घातली. सरदाराची दाढ आपल्या वाटेने गेली असणार, पण ती पुन्हा कुणाच्या नजरेस पडली नाही.

ठरल्याप्रमाणे संध्याकाळी ज्योत्स्ना आणि इक्बाल डॉक्टर विंकलमान यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. ज्योत्स्ना बोलणार होती, पण ऐन वेळी तिचा फोन वाजला आणि ती बाजूला गेली. इक्बालला वाटलं, चूक आपली आहे, आपणच सांगावं. त्याने मनात इंग्रजी वाक्यं जुळवली आणि बोलला.

“सर, आय एट द जनरल. धिस वन इज मी.”

डॉक्टर विंकलमान यांनी चष्मा काढला आणि परत घातला. इक्बालने पेटीकडे बोट दाखवलं आणि आणखी स्पष्ट केलं की ही दाढ माझी आहे, माझ्या कुटुंबाला ती हवी आहे. हे शेवटचं खरंच होतं. मसूदाला दुपारी कळल्यापासून तिने एकच धोशा लावला होता. माणसाच्या अंगाचा तुकडा असा काचेत ठेवतात का, तो मातीत जायला हवा.

त्या भाषेतून डॉक्टर विंकलमान यांना एवढंच कळलं की ज्या गोष्टीची युरोपातली सगळी संग्रहालयं इतकी वर्षं धास्ती घेऊन बसली आहेत, ती घडली. पूर्वेकडचा एक माणूस आला होता आणि आपल्या पूर्वजाची वस्तू परत मागत होता. त्यांनी पेटी छातीशी धरली आणि त्याच रात्रीच्या विमानाने निघून गेले. ज्योत्स्ना फोन संपवून आली तेव्हा लोकरीचा कोट सरकत्या जिन्यावरून खाली जाताना तिला दिसला.

एक्झिबिशन राहिलेले दिवस दाढेविना चाललं. ज्योत्स्नाने जर्मनीला फोन केले. ती जितकी समजावून सांगे की आमच्या माणसाच्या तोंडातून चुकून असं झालं, तितकं पलीकडचं माणूस थंड आवाजात सांगे की आमचे वकील बोलतील. शेवटी तिने हात टेकले. गाव कंटेनरमध्ये गेलं, कारंजं पुन्हा सुरू झालं आणि इक्बाल आपल्या थर्माकोलच्या उंटांकडे परतला.

हिर्शनफेल्समध्ये मात्र झोप उडाली होती. हे उमैमाच्या मोबाइलवरून घरात कळत गेलं. तिथल्या स्थानिक पेपरच्या बातम्या ती भाषांतर करून वाचायची आणि जेवताना आईबापाला इंग्रजीत सांगायची. पहिल्या बातमीत होतं की एका अरब-भारतीय घराण्याने दाढेवर हक्क सांगितला आहे. दुसऱ्या बातमीत, नगरपालिकेची तातडीची सभा भरली आणि दाढ चारशे वर्षं आमच्याकडे आहे, ती आम्ही प्रेमाने सांभाळली आहे, असा ठराव झाला. तिसऱ्या बातमीच्या वेळी उमैमाचा घास हातातच राहिला.

“बाबा, दे फाउंड द फिलिंग.”

डॉक्टर विंकलमान यांनी दाढ भिंगाखाली धरली होती आणि तिच्या बुडाशी चांदी सापडली होती. म्हणजे चारशे वर्षं गावाने ज्या दाढेला निरोगी म्हटलं ती किडलेली होती. म्हणजे न्हाव्याने चूक केलीच नव्हती. बरोबर दाढ काढली होती. आणि सरदाराच्या काळी दाढेत चांदी भरायची कला होती, हे जगाला आजवर माहीतच नव्हतं. आता हिर्शनफेल्सच्या नगराध्यक्षा हिल्डेगार्ड बाडर या त्याच न्हाव्याच्या वंशातल्या. त्यांच्या घराण्याला गावात चारशे वर्षं ‘चुकीच्या दाढेचे’ म्हणत. शाळेत असताना मुलं त्यांच्या वेण्या ओढून विचारायची, ही बरोबर आहे की शेजारची? बातमी आली त्या दिवशी त्यांनी आपल्या दारावर फुलांची माळ लावली आणि त्या रडल्या, असं पेपरात होतं.

इक्बालने हे ऐकलं आणि त्याला फार वाईट वाटलं. त्या बाईचं सुख आपण आपल्या तोंडातून काढून दिलं आहे आणि ते खोटं आहे, हे त्याला सहन होईना. त्याने पुन्हा ज्योत्स्नाकडून कळवलं की दाढ माझीच आहे, वाटल्यास तपासून बघा.

त्यांनी तपासून बघितलं. त्याला मनामातल्या एका लॅबमध्ये बोलावून गालातून कापसाचा बोळा फिरवला. नमुना जर्मनीला गेला. दाव्याचा एकदाचा निकाल लागेल आणि हा माणूस गप्प होईल अशी नगरपालिकेची खात्री होती. निकाल आला तो असा, की दाढ आणि इक्बाल मुकादम यांच्यात तसूभरही फरक नाही. शास्त्रज्ञांनी लिहिलं की इतकं शुद्ध रक्त चारशे वर्षं टिकलेलं आम्ही पाहिलं नाही. सरदार फॉन मूर्क हा मूळचा कोकण किनाऱ्यावरचा असावा आणि इक्बाल हा त्याचा थेट वारस आहे.

“खलास,” मसूदा म्हणाली आणि तिने गॅस बंद केला.

पुढच्याच आठवड्यात नगराध्यक्षा बहरीनला आल्या. बरोबर डॉक्टर विंकलमान होते, पेटी होती, आणि गळ्यात नगरपालिकेची सोन्याची साखळी होती, जी त्यांनी विमानतळापासून सनाबिसपर्यंत उतरवली नव्हती. लिफ्ट बंद होती म्हणून त्या जिने चढून आल्या. इक्बालने त्यांना सोफ्यावर बसवलं. मसूदाने चहा, खजूर आणि सांदणं आणून ठेवली. उमैमा बोलणं समजावून सांगायला बसली. ज्योत्स्नाही रजा टाकून आली होती, कारण तिला वाटत होतं की सुरुवात आपण केली.

नगराध्यक्षा उठून उभ्या राहिल्या. त्यांनी आणलेलं भाषण वाचायला सुरुवात केली. उमैमाने ते ऐकून घेतलं, बापाकडे पाहिलं, आणि जमेल तेवढ्या मराठीत सांगितलं की या मॅडम म्हणतायत, वेढा अजून चालू आहे.

मग उलगडलं ते असं. सरदाराने वेढा उठवलाच नव्हता. दाढ बरी झाली की परत येतो, एवढंच तो बोलून गेला होता. तेव्हापासून गाव कायद्याने वेढ्यात होतं. दरवर्षी त्या दिवशी लोक तटावर जमून समोरच्या बीटच्या शेताला हाक मारून विचारतात, सरदार, दाढ कशी आहे? उत्तर येत नाही. मग आणखी एक वर्ष मिळालं म्हणून जेवणं होतात. आता मात्र सरदाराचा वारस सापडला होता. दाढ बरी झाली नव्हती, पण ती तोंडातूनच गेली होती, म्हणजे दुखणं संपलं. वेढा पुन्हा आवळायचा की उठवायचा, हे ठरवणं इक्बालच्या हातात होतं.

आयुष्यात इक्बालने कुणाची वाट अडवली नव्हती. रांगेतसुद्धा तो मागच्याला पुढे जाऊ द्यायचा. तो म्हणाला की मी सरदाराचा कोणी नाही, मी काजू समजून सरदाराची दाढ खाल्ली आणि ही जी आहे ती चिपळूणची आहे. उमैमाने एकूण एक शब्द नीट इंग्रजीत सांगितला. नगराध्यक्षांनी आदराने मान हलवली. मग म्हणाल्या की आमच्याकडेही प्रत्येक मोठ्या घराण्याची अशी एक कथा असते.

ज्योत्स्नाने कपाळाला हात लावला.

“मग मी वेढा उठवतो,” इक्बाल म्हणाला. “आत्ताच्या आत्ता. सांग त्यांना, जा म्हणावं घरी, सुखात राहा.”

हे ऐकून नगराध्यक्षा पांढऱ्याफटक पडल्या. त्या डॉक्टर विंकलमान यांच्याशी जर्मनमध्ये भराभर बोलल्या. मग त्यांनी इक्बालचे दोन्ही हात धरले आणि विनवलं की कृपा करा, तसं करू नका. वेढ्यामुळे गावाला सुट्टी मिळते. वेढ्यामुळे बाहेरचे लोक येतात, बुटांचं सूप पितात, तटावर फोटो काढतात. वेढ्यात असलेल्या गावातून हमरस्ता नेता येत नाही, असा एक जुना नियम आहे, म्हणून नदीकाठची झाडं वाचली. तरुण पोरं गाव सोडून गेली तरी त्या दिवशी परत येतात, कारण गाव संकटात असताना न येणं बरं दिसत नाही. वेढा उठला तर हिर्शनफेल्समध्ये उरेल काय?

इक्बाल त्या बाईंच्या हातांकडे बघत राहिला. आपल्या खाडीकाठच्या गावातून माणसं कशी एकेक करून निघाली, कुणी कुवेतला, कुणी दोहाला, आणि ईदलाही घरांची कुलपं निघत नाहीत, हे त्याला आठवलं. त्या गावाला कुणी वेढा घातला नव्हता.

“ठीक हाय,” तो म्हणाला. “राहू दे वेढा.”

“तुमी वेढा ठेवताव ते ठेवा,” मसूदा म्हणाली. “पण दाढ द्यायची. नवऱ्याच्या हाडाला तिकीट लावलेलं मना चालायचं नाय. ती मातीत जाईल.”

उमैमाने हे सांगितलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता मोडलं. नगराध्यक्षांच्या घराण्याची इभ्रत त्या दाढेवर होती. त्यांनी पेटी जवळ ओढली. मग त्यांनी विचारलं की तुमच्याकडे दाढेला नीट पुरतात का, म्हणजे मानाने? मसूदा म्हणाली, जशी माणसाची वस्तू पुरतात तशीच. नगराध्यक्षा म्हणाल्या, आमच्या सरदाराला चारशे वर्षांत कुणी शांत झोपू दिलं नाही, हे खरं आहे. त्यांनी चांदीचे सगळ्या बाजूंनी फोटो काढून घेतले आणि पेटी मसूदाच्या हातात दिली.

सनाबिसमध्ये माती कुठली, खाली सगळं पार्किंग. मसूदाची मावसबहीण आतिका हमद टाउनला राहायची; तिच्या घराच्या मागे थोडी जमीन आणि एक बदामाचं झाड होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन गाड्या निघाल्या. पुढच्या गाडीत इक्बाल, मसूदा, उमैमा आणि पेटी. मागच्या गाडीत ज्योत्स्ना, नगराध्यक्षा आणि डॉक्टर विंकलमान. हमद टाउनमध्ये एका चौकाच्या गोलातून बाहेर पडावं तर दुसरा गोल येतो, आणि सगळे गोल सारखेच दिसतात. इक्बाल आतिकाचं वळण चुकला आणि पुन्हा त्याच गोलाला आला. पुन्हा चुकला. मागची गाडी इमानाने त्याच्या मागे फिरत राहिली. नगराध्यक्षांनी ज्योत्स्नाला हळूच विचारलं की हा विधीचा भाग आहे का. ज्योत्स्ना थकली होती. तिने हो म्हणून सांगितलं. तेव्हा नगराध्यक्षांनी गाडीची काच खाली केली, साखळी सरळ केली आणि प्रत्येक फेरीला त्या रस्त्यावरच्या लोकांकडे गंभीरपणे मान झुकवू लागल्या. गॅरेजसमोर बसलेल्या एका म्हाताऱ्याने उठून सलाम केला.

आतिकाने खड्डा आधीच खणून ठेवला होता. तिला फक्त एवढं सांगितलं होतं की इक्बालची दाढ पडली आहे आणि काही पाहुणे येणार आहेत. सोन्याची साखळी आणि लोकरीचा कोट बघून तिने मसूदाला बाजूला घेऊन विचारलं, एवढे लोक एका दाढेला? मसूदा म्हणाली, नंतर सांगते.

मसूदाने दाढ पांढऱ्या कपड्यात गुंडाळून इक्बालच्या हातात दिली. त्याने ती खड्ड्यात ठेवली आणि वर मूठभर माती टाकली. नगराध्यक्षांनीही मूठभर टाकली. डॉक्टर विंकलमान यांची पाळी आली तेव्हा ते खाली बसले आणि तसेच बसून राहिले. चाळीस वर्षं त्यांनी रोज सकाळी त्या पेटीचं कुलूप तपासलं होतं. त्यापायी ते पेटी बरोबर असल्याशिवाय कधी गावाबाहेर मुक्कामाला राहिले नव्हते, की लग्नाच्या भानगडीत पडले नव्हते. इक्बालला ते बघवेना. त्याने त्यांच्या शेजारी उकिडवं बसून, या वेळी एकही शब्द चुकू न देता, इंग्रजीत सांगितलं की सर, तुमची खरी दाढ माझ्या पोटात गेली, माझ्या हातून ती हरवली, मला माफ करा.

डॉक्टर विंकलमान यांनी चष्मा वर सरकवला.

“मला माहीत आहे,” ते म्हणाले. “खरी दाढ मी चाळीस वर्षं पाहिली आहे. ती उजवीकडची होती.”

मग ते उठले, कोट काढून त्यांनी बदामाच्या फांदीला अडकवला, आणि बाह्या वर करून सगळी माती एकट्याने लोटली. हे नगराध्यक्षांना कळायचं कारण नाही, एवढं ते जाता जाता बोलले. इक्बालने मान हलवली. नगराध्यक्षा तेव्हा आतिकाच्या स्वयंपाकघरात बसून आंबोळ्या खात होत्या आणि आपल्या न्हावी पूर्वजाची हुशारी उमैमाला सांगत होत्या.

हिर्शनफेल्सचा वेढा अजून चालू आहे. संग्रहालयात आता रिकामी मखमल आहे आणि ती बघायला पूर्वीपेक्षा जास्त लोक येतात, असं उमैमा सांगते. इक्बालने दाताचा ब्रिज बसवून घेतला. त्याची बढती झाली नाही, पण ऑफिसात कुणी आवाज चढवला तर तो आता आपला उतरवत नाही. नुसता शांतपणे बघत राहतो, आणि समोरचा का कोण जाणे, जरा मागे सरतो. डॉक्टर विंकलमान नगराध्यक्षांबरोबर परत गेले नाहीत. म्हणाले, कुलूप तपासायचं काम संपलं, चार दिवस राहतो. चार दिवसांचे दोन महिने झाले. शुक्रवारी नमाजानंतर इक्बाल त्यांना गाडीत घालून समुद्रावर नेतो. म्हाताऱ्याला पोहता येत नाही. तो पाण्यात गुडघ्याइतका जातो, पँट वर धरतो आणि येणाऱ्या प्रत्येक लाटेला जर्मनमध्ये काहीतरी सांगतो. इक्बाल वाळूवर बसून त्याच्या चपला सांभाळतो.